इम्प्लांटच्या दाढेत अन्न अडकतंय? आधी कुठे अडकतंय ते पाहा

इम्प्लांटवर कॅप बसली की पहिले काही दिवस मजेत जातात. दोन्ही बाजूंनी चावता येतं, वर्षभर वर्ज्य असलेले पदार्थ एकेक करून खाऊन पाहिले जातात. मग एखाद्या दिवशी मेथीची भाजी होते, नाहीतर मटण होतं, आणि जेवण झाल्यावर जीभ सारखी त्याच कोपऱ्यात जाऊ लागते. काहीतरी अडकलंय. चूळ भरली तरी निघत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. घरचे म्हणतात, "नवीन आहे, होईल सवय." ऑफिसातलं कुणीतरी म्हणतं, "गेला तुझा इम्प्लांट." दोन्ही बाजूला ठेवा. थोडंफार अन्न अडकणं इम्प्लांटच्या बाबतीत नेहमीचंच आहे. पण ते नेमकं कुठे अडकतं आणि पहिल्या दिवसापासून अडकतंय की अलीकडे सुरू झालंय, यावर पुढचं सगळं ठरतं. काही जागा रात्रीच्या पाच मिनिटांच्या सफाईने आटोक्यात राहतात. काही ठिकाणी तुम्ही कितीही घासा, डॉक्टरांनी कॅप दुरुस्त केल्याशिवाय त्रास थांबत नाही. हा फरक ओळखायला तोंडात धरायचा छोटा आरसा, मोबाइलचा टॉर्च आणि हातभर फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटींतून फिरवायचा दोरा, एवढं पुरतं.

मी डेंटिस्ट नाही. खालच्या जबड्यात एक इम्प्लांट असलेला आणि रोज रात्री त्याच्या भोवती ब्रश फिरवणारा माणूस आहे. औषध-उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा; त्यांच्यापुढे जाताना काय पाहून जायचं आणि घरी काय करायचं, ते इथे सांगतो.

आत नेमकं काय बसवलंय

हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर अबटमेंट नावाचा जोडणीचा खुंट आणि त्यावर दिसणारी कॅप. स्क्रू साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा असतो. खालची पहिली दाढ मात्र वरून दहा-अकरा मिलिमीटर रुंद. खरी दाढ दोन मुळांवर, रुंद मानेनं उभी असते. इथे तेवढीच रुंद कॅप एका बारीक दांड्यावर, छत्रीसारखी. त्यामुळे कॅपच्या फुगवट्याखाली, हिरडीच्या लगत पुढे-मागे त्रिकोणी पोकळ्या राहतात. डॉक्टर कितीही निष्णात असले तरी दाढेच्या जागी या पोकळ्या पूर्ण बुजवता येत नाहीत, आणि तशा त्या बुजवूही नयेत, कारण मग ब्रश आत जायला वाटच उरत नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. म्हणून खडा चावला की क्षणात कळतं, म्हणूनच तारा लावून दात सरकवता येतात. इम्प्लांटला हा थर नाही. हाड टायटॅनियमला थेट चिकटून बसतं, हेच तर या तंत्राचं मर्म. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांनी सशांच्या हाडात ते पाहिलं आणि १९६५ साली गोथेनबर्गमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. या घट्टपणाचे दोन परिणाम तुमच्या जेवणापर्यंत येऊन पोचतात. एक म्हणजे इम्प्लांट जागचा हलत नाही, पण शेजारचे खरे दात आयुष्यभर कणाकणाने पुढच्या बाजूला सरकत राहतात. बसवताना कॅप शेजारच्या दाताला चिकटून होती, दोन-तीन वर्षांनी तिथे फट, असं पुष्कळ जणांच्या बाबतीत होतं, आणि बहुतेक वेळा ती इम्प्लांटच्या पुढच्या बाजूला पडते. यात तुमचा दोष नाही, डॉक्टरांचाही असेलच असं नाही. दुसरा परिणाम म्हणजे इम्प्लांटला स्वतःला फारसं काही जाणवत नाही. बिघाड सुरू झाला तरी ठणका लागेलच याचा भरवसा नाही.

हिरडीची पकडही वेगळी असते. खऱ्या दातात हिरडीचे तंतू मुळाच्या पृष्ठभागात शिरून त्याला धरून ठेवतात. इम्प्लांटभोवती ते बाजूने, समांतर जातात. नुसतेच लपेटून असतात. रक्तपुरवठाही कमी. म्हणून तिथे साचलेली घाण हिरडीच्या कडेवर न थांबता खाली हाडाकडे लवकर उतरते.

पायरी पहिली: जागा शोधा

जेवण झाल्यावर, चूळ भरण्याआधी बेसिनशी उभे राहा. टॉर्च लावा, गाल बोटाने बाजूला ओढा आणि आरसा आत धरून पाहा. अन्न दोन दातांच्या मध्ये पाचरीसारखं ठोकलं गेलंय, की कॅपच्या पोटाखाली गालाच्या बाजूने गोळा होऊन बसलंय? जिभेच्या बाजूला काही आहे का? आरसा धुरकट होत असेल तर आधी कोमट पाण्यात बुडवून घ्या. आठवडाभर हे पाहिलंत की जागा पक्की कळते, आणि डॉक्टरांना "इकडे कुठेतरी" म्हणण्याऐवजी "पुढच्या फटीत, आतल्या बाजूने" असं सांगता येतं.

मग फ्लॉस घ्या. कॅप आणि पुढचा दात यांच्यामध्ये वरून तो हळूच दाबा. जरा अडून टक् करून खाली गेला तर दोघांचा स्पर्श शाबूत आहे. हवेतून गेल्यासारखा सरळ खाली घसरला तर स्पर्श सुटलाय, तिथे फट आहे. खाली जाऊन वर येताना तुटला, त्याच्या दशा निघाल्या, तर तिथे काहीतरी खरखरीत आहे: कॅपची कड, आत राहिलेलं सिमेंट, शेजारच्या दातातलं जुनं फिलिंग किंवा कीड. दशा निघणं हे घरच्या घरी उपाय करायचं लक्षण नाही. मागच्या बाजूलाही हेच करून पाहा.

कोणता पदार्थ अडकतो त्यावरूनही अंदाज येतो. मटणाचे धागे, शेवग्याची शेंग, पालेभाजीचे देठ, रायवळ आंब्याचे तंतू दोन दातांच्या मध्ये घट्ट ठोकले जात असतील, शेजारचा दात दाबल्यासारखा वाटत असेल आणि ते निघाल्यावर हायसं वाटत असेल, तर फट वरच्या बाजूची, स्पर्शाची आहे. पोहे, भाकरी, भिजलेला चिवडा यांचा मऊ लगदा कॅपच्या बुडाशी साचत असेल आणि जोरात चूळ भरल्यावर बराचसा निघत असेल, तर ती वर सांगितलेली त्रिकोणी पोकळी. तीळ, पेरूच्या बिया, मोहरी, राजगिरा यांची जात निराळी. एखादा दाणा हिरडीच्या कडेखाली सरकतो आणि दिवसभर टोचत राहतो. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात हा अनुभव घेणारे कमी नसतील.

एक प्रश्न स्वतःला विचारा: हे कधीपासून? पोकळीत पहिल्या दिवसापासून अडकत असेल आणि प्रमाण वाढत नसेल तर घाबरण्यासारखं काही नाही. सहा महिने, दोन वर्षं काही नव्हतं आणि आता रोज अडकतंय, तर काहीतरी बदललंय. शेजारचा दात सरकलाय, त्याचं फिलिंग तुटलंय, कॅपचा तुकडा उडालाय, कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू ढिला झालाय किंवा हिरडी खाली गेलीय. हे सगळं डॉक्टरांनी पाहायचं.

शेजारच्या दाताबद्दल फार कुणी बोलत नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही, धातूला आणि सिरॅमिकला काय लागणार? पण फटीत कुजणारं अन्न दोघांच्या मध्ये असतं, आणि किडतो तो बिचारा शेजारी. इम्प्लांट ठणठणीत आणि त्याच्या पुढच्या दाताचं रूट कॅनल, ही कहाणी क्लिनिकच्या बाकावर बसून एकदा तरी ऐकायला मिळते.

पायरी दुसरी: जेवणानंतर लगेच काय

ताटावरून उठल्यावर पाण्याने दोन-तीनदा जोरात चूळ भरा. पाणी नुसतं तोंडात घोळवून टाकू नका. गाल फुगवून त्या बाजूने दाबून काढा. लगदा असेल तर एवढ्याने निघतो. नाही निघाला तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश. खिशात किंवा पर्समध्ये टोपण लावून ठेवता येतो, दहा सेकंदांचं काम.

काय करायचं नाही याची यादी मोठी आहे, कारण आपल्याकडे दात कोरायच्या वस्तूंना तोटा नाही. सेफ्टी पिन, केसातली पिन, काडेपेटीची काडी, कानातल्याची तार, कागदाची घडी, करंगळीचं नख. पिनेने कोरताना हिरडीची ती लपेटलेली कड फाटते, आणि हीच कड आतल्या हाडाचं एकमेव कुंपण आहे. लाकडी टूथपिकचं टोक मोडून आत राहू शकतं. हॉटेलात बडीशेपेच्या वाटीशेजारी टूथपिकची बाटली असतेच. तिच्याकडे पाहू नका. बडीशेपेचंही तेच. सगळं स्वच्छ केल्यावर चमचाभर बडीशेप तोंडात टाकली तर केलेलं काम पाण्यात. खायचीच असेल तर आधी खा, मग साफ करा.

पायरी तिसरी: रात्रीची सफाई

दिवसातून एकदा, झोपण्याआधी, नीट. सकाळी घाईत होतं ते होऊ द्या; रात्रीचं चुकवू नका.

सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे इंटरडेंटल ब्रश: बारीक तारेवर गोलाकार केस असलेला, बाटली धुवायच्या ब्रशाचं बाळ. विकत घेताना तारेवर प्लॅस्टिकचं आवरण आहे ना ते पाहा, उघडी तार कॅप आणि अबटमेंट खरवडते. मापं बरीच असतात आणि इथेच नवीन माणूस गोंधळतो. पहिल्यांदा सरळ डॉक्टरांनाच त्यांच्या खुर्चीत माप ठरवायला सांगा. ते शक्य नसेल तर वेगवेगळ्या मापांचं मिश्र पाकीट आणून बघा. ब्रश आत जाताना केसांना किंचित अडथळा व्हायला हवा, तार मात्र कुठे घासू नये. सैल फिरला तर माप लहान. ढकलावा लागला तर मोठं. पुढच्या आणि मागच्या फटीला दोन वेगळी मापं लागणं अगदी नेहमीचं आहे.

करायचं असं. ब्रश पाण्यात ओला करा, पेस्ट नको. दाढेसाठी तार बोटाने जराशी वाकवा, म्हणजे गाल आड येणार नाही. आरशात पाहत टोक फटीच्या तोंडाशी टेकवा. हिरडीत खुपसू नका, तिला लगटून आडवं सरकू द्या. आत गेला की पूर्ण बाहेर न काढता चार-पाच वेळा मागेपुढे करा: दोन खेपा कॅपच्या अंगाला टेकवून, दोन शेजारच्या दाताला टेकवून. ब्रश बाहेर काढून बघा, धुवा, वास घ्या. हो, वास. कुजकट वास येत असेल तर तिथे कालचं-परवाचं अन्न होतं असं समजा. मग हेच जिभेच्या बाजूने. बहुतेक जण गालाच्या बाजूने करून थांबतात, आणि घाण राहते ती नेमकी आतल्या बाजूला. केस चपटे झाले, तार वाकडीतिकडी झाली की ब्रश टाकून द्या. आठवडा-दोन आठवडे टिकतो. महिनाभर एकच वापरून पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

फ्लॉसबद्दल मत जरा सावध आहे. दोन दातांचा स्पर्श घट्ट असेल तर त्या चिमट्यातली घाण फ्लॉसनेच निघते, त्याला पर्याय नाही. इम्प्लांटच्या मानेभोवती मात्र साध्या दोऱ्यापेक्षा सुपरफ्लॉस बरा. त्याचं एक टोक ताठ असतं, ते कॅपखालून ओवायचं आणि मधला फुगीर स्पंजसारखा भाग मानेभोवती लपेटून बूटपॉलिश करताना फडकं ओढतात तसा इकडून तिकडे ओढायचा. पण हिरडी खाली जाऊन हाडातल्या स्क्रूचे आटे उघडे पडले असतील तर तिथे फ्लॉस नको. खरखरीत आट्यांवर त्याचे धागे तुटून अडकतात आणि त्यांच्याभोवतीच हिरडी सुजत राहते, अशा नोंदी झालेल्या आहेत. तिथे फक्त ब्रश.

बाकी साधनं थोडक्यात. नेहमीचा ब्रश मऊ केसांचा, हिरडीच्या कडेकडे तिरपा धरून. खालच्या शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूला मोठा ब्रश पोचत नाही. तिथे एका झुबक्याचा छोटा ब्रश मिळतो तो घ्या, या सगळ्यांत स्वस्त आणि उपेक्षित वस्तू तीच. वॉटर फ्लॉसर चांगला आहे, पाण्याची धार लगदा छान काढते आणि ज्यांचा पूर्ण जबडाच इम्प्लांटवर बसवलाय त्यांना तर तो हवाच. पण चिकटलेला थर नुसत्या धारेने पुरेसा निघत नाही, तो घासावाच लागतो. कमी दाबापासून सुरुवात करा, धार दाताशी काटकोनात आडवी धरा, हिरडीच्या आत खाली रोखू नका, आणि पहिल्या दिवशी बेसिनवर वाकून, जुना शर्ट घालून करा.

खरखरीत दंतमंजन, कोळशाची पावडर, मीठ-तेल चोळणं इम्प्लांटच्या कॅपवर नको. साधी फ्लोराइडची पेस्ट पुरते. ती शेजारच्या खऱ्या दातांसाठी हवीच.

माउथवॉशचं कौतुक गरजेपेक्षा जास्त होतं. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश औषध म्हणून उत्तम, पण डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच आणि तेवढेच दिवस, सहसा आठवडा-दोन आठवडे. पेस्ट आणि माउथवॉश यांच्यात अर्धा तास जाऊ द्या, पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याने त्याचा जोर कमी होतो. महिनोन् महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात, चव जाते. चहाबाजांना डाग आणखी लवकर. अडकलेलं अन्न त्याने निघत नाही, हे वेगळं सांगायला नको. एरवी कोमट मीठपाण्याच्या गुळण्यांनी सुजऱ्या हिरडीला आराम पडतो, तेवढ्यापुरत्या त्या कराव्यात.

कॅप अजून बसायची असेल, म्हणजे नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर वरचं काहीही करू नका. टाके असेपर्यंत ती जागा ब्रशने छेडायची नाही. मऊ खाणं, दुसऱ्या बाजूने चावणं आणि डॉक्टर सांगतील त्या गुळण्या. हिरडीबाहेर धातूचं गोल बटण दिसत असेल तर टाके निघाल्यावर मऊ ब्रशने तेही रोज पुसायचं असतं, ते कधीपासून एवढं विचारून घ्या.

हिरडी काय सांगते

निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते. कुणाकुणाची मुळातच काळपट-तपकिरी असते, तीही निरोगीच. इंटरडेंटल ब्रश फिरवल्यावर रक्त आलं तर ती सुजलेली आहे. इथे बरेच जण उलटं करतात, रक्त येतं म्हणून तिथे ब्रश लावणंच सोडतात. ते करू नका. माप बरोबर असेल तर हलक्या हाताने चालू ठेवा. नुसती वरवरची सूज असेल तर साचलेला थर निघत गेला की रक्त कमी होत जातं. या अवस्थेला पेरिइम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात. त्यात हाड अजून शाबूत असतं आणि हिरडी पूर्ववत होऊ शकते. दहा-पंधरा दिवस नेटाने साफ करूनही रक्त येतच राहिलं तर अपॉइंटमेंट घ्या. बहुधा आत कडक थर बसलेला असतो, तो घरी निघत नाही.

पुढची अवस्था पेरिइम्प्लांटायटिस. यात स्क्रूभोवतीचं हाड झिजायला लागतं, आणि गेलेलं हाड सगळं परत मिळेल अशी खात्री कुणीही देऊ शकत नाही. ठणका नसतानाही हे होतं. म्हणून दुखण्याची वाट पाहू नका. हिरडी दाबल्यावर पू येणं, तोंडात खारट-कडवट चव उतरणं, कॅपच्या बुडाशी राखाडी धातू दिसू लागणं, सूज, ताप, किंवा कॅप हलल्यासारखी वाटणं यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या महिन्याच्या चेकअपपर्यंत थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. कॅप हलतेय याचा अर्थ इम्प्लांट गेलाच असा नाही. पुष्कळदा हाडातला नव्हे, कॅप धरणारा छोटा स्क्रू ढिला झालेला असतो आणि तो पुन्हा कसता येतो. पण ती जिभेने, बोटाने हलवून पाहत बसू नका आणि त्या बाजूने चावू नका, नाहीतर स्क्रू आतच तुटतो आणि साधं काम अवघड होऊन बसतं.

तंबाखूवर व्याख्यान देत नाही, पण मिश्रीबद्दल बोलावं लागेल. आपल्याकडे अनेक घरांत आई-आजी अजूनही सकाळी मिश्री लावतात आणि तिला दात घासणं समजतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरड्यांवर चोळली जाते, तिचा कीस फटीत बसतो आणि तंबाखूमुळे हिरडीचं बरं होणं मंदावतं. इम्प्लांट झालेल्या माणसाने मिश्री, तंबाखू-चुना, सिगारेट चालू ठेवणं म्हणजे भोक पडलेल्या खिशात नोटा ठेवणं. साखरेचं तसंच. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट डेंटिस्टनाही दाखवा. आणि ज्यांचे मूळचे दात हिरड्यांच्या आजाराने हलून पडले, त्यांनी जास्त सावध राहायचं. तो आजार तोंडात अजून आहे आणि इम्प्लांटभोवतीही तसाच वागतो.

डॉक्टरांकडे जाताना

"अन्न अडकतं" एवढंच सांगितलं तर बऱ्याचदा क्लिनिंग करून घरी पाठवतात. क्लिनिंग हवंच, पण फट असेल तर महिन्याभरात मूळपदावर. मला तर वाटतं, अडकण्याची जागा आणि कधीपासून हे दोन्ही सांगून "स्पर्श तपासा" असं स्पष्ट म्हणावं. त्यांना राग येत नाही, काम सोपं होतं.

कॅप स्क्रूने बसवली आहे की सिमेंटने, हे विचारून घ्या. स्क्रूची असेल तर तिच्या माथ्यावर भरलेलं बारीक भोक दिसतं. ती उलगडून काढता येते, लॅबमध्ये बाजूला सिरॅमिकची भर घालून फट बंद करता येते आणि पुन्हा बसवता येते. सिमेंटची असेल तर काढणं कटकटीचं. शिवाय बसवताना बाहेर आलेलं जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून महिन्यांनी, कधी वर्षांनीही सूज आणतं. ते एक्स-रेवर दर वेळी दिसतंच असं नाही, विशेषतः गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला असेल तर. कधी कधी कॅपला हात न लावता शेजारच्या दातावर फिलिंग करून फट मिटवतात. त्या दातात कीड असेलच तर हा मार्ग उत्तम, नसेल तर चांगल्या दाताला हात लावायचा का, हे विचारा. दात पुढे सरकतच राहणार म्हणून रात्री घालायचं रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरणारा साचा, काही डॉक्टर सुचवतात. रात्री दात खात असाल तर तेही सांगा.

एक्स-रे एकट्याने फारसं बोलत नाही. कॅप बसवली त्या दिवसाचा एक्स-रे शेजारी ठेवला तरच हाड किती खाली गेलं ते कळतं. पहिल्या वर्षात थोडं हाड बसणं धरलेलंच असतं. त्यानंतर ते स्थिर राहायला हवं. हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीच्या खोलीचंही तसंच, ती प्रोब नावाच्या बारीक मोजकाडीने मोजतात. "इम्प्लांटला प्रोब लावायचा नसतो" हा जुना समज आहे. २०१७ साली शिकागोत अमेरिका आणि युरोपच्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून जी व्याख्या ठरवली, तिच्यात हलक्या हाताने प्रोब लावून रक्त किंवा पू येतो का हे पाहणं आवश्यक मानलं आहे. जुनं कोणतंच माप उपलब्ध नसेल तर प्रोबला रक्त, सहा मिलिमीटर किंवा जास्त खोली आणि स्क्रूच्या वरच्या टोकापासून तीन मिलिमीटर किंवा जास्त हाड गेलेलं, एवढं एकत्र दिसलं की पेरिइम्प्लांटायटिस धरतात. हे आकडे स्वतःला घाबरवायला सांगत नाही. रिपोर्ट हातात आला तर काय वाचायचं ते कळावं म्हणून सांगतो.

कॅप नुकतीच बसलेली असेल तर आजच एक काम करून टाका. इम्प्लांटची कंपनी, त्याची जाडी, लांबी आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर पाकिटावर असतं, ते किंवा त्याचा फोटो मागून घ्या. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि तो फिरवायचा पाना वेगळा. पाच वर्षांनी तुम्ही पुण्याहून बंगळूरला गेलात किंवा क्लिनिक बंद झालं, तर नव्या डॉक्टरांना ढिला स्क्रू कसायला आधी हीच माहिती लागते. ती नसली की एक्स-रे पाहून अंदाज बांधत बसावं लागतं.

दुसरं मत हवं असेल तर हिरड्यांचे एमडीएस डॉक्टर, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट, शोधा. खाजगी खर्च झेपत नसेल तर सरकारी आणि पालिकेच्या डेंटल कॉलेजांत हा स्वतंत्र विभागच असतो: मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज. सकाळी लवकर जा, जुने एक्स-रे न्या, वेळ हाताशी ठेवून जा. आधी शिकाऊ डॉक्टर तपासतात, मग त्यांचे सर येतात, आणि त्यात तपासणी बरेचदा खाजगीपेक्षा सावकाश होते.

सगळं ठीक असलं तरी पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवायचं, पुढे किमान सहा महिन्यांनी. हिरड्यांचा जुना आजार असलेल्यांना तीन महिन्यांनीच बोलावतात. क्लिनिंगच्या वेळी इम्प्लांट आहे याची आठवण करून द्या. त्याच्यावर साधी धातूची टोकं न वापरता प्लॅस्टिकची किंवा टायटॅनियमची वापरतात, नाहीतर पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि तिथे थर आणखी लवकर चिकटतो.

आई-वडिलांचा इम्प्लांट असेल तर

सत्तरीच्या माणसाला, हात थरथरत असताना, अर्धा मिलिमीटरच्या फटीत ब्रश घाला म्हणणं सोपं आहे. आधी जाड मुठीचा आणि लांब दांड्याचा इंटरडेंटल ब्रश आणून द्या. तोही जमत नसेल तर रात्री तुम्हीच करा. त्यांना टेकायला उंच पाठीची खुर्ची द्या आणि तुम्ही मागे उभे राहा, समोरून केलं तर काहीच दिसत नाही. डावा हात हनुवटीखाली, त्याच हाताच्या तर्जनीने गाल बाजूला, टॉर्च कपाळाला बांधायचा मिळतो तो. तोंड सतत उघडं ठेवायला सांगू नका. वीस-तीस सेकंदांनी मिटू द्या, थुंकू द्या. आणि आधी विचारा, "आज कुठे टोचतंय?" आईला ती जागा बरोबर ठाऊक असते, फक्त सांगायचा संकोच असतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हिरडीतून थोडं रक्त सहज येतं. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. रक्त रोज येत असेल तर हिरडी डेंटिस्टना दाखवायची, आणि गोळीचं काय ते ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारायचं.